पावसाळ्यात ताजमध्ये एक रात्र : खान्देशातून जाणाऱ्यांसाठी सगळी तयारी

आपल्याकडची माणसं मुंबईला जातात ती कामाने. कुणाचं टाटा हॉस्पिटल, कुणाचं मंत्रालय, कुणाचं कल्याण-डोंबिवलीतलं लग्न. वेळ उरला तर गेटवेला चक्कर होते, फोटोत मागे ताजमहाल हॉटेल येतं आणि रात्रीच्या गाडीने परत. त्या इमारतीत एकदा राहायची इच्छा मात्र कितीतरी घरांत असते. आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात, कुणी नोकरीतून निवृत्त होतं, एखाद्या वर्षी कापूस-केळीला भाव चांगला मिळतो आणि विषय पुन्हा निघतो. हा लेख त्या एका रात्रीच्या तयारीचा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. पावसाळ्यात जा. दोन रात्रींचे पैसे असतील तरी एकच रात्र राहा, पण जुन्या इमारतीत आणि समुद्राकडच्या खोलीत राहा. आणि तेवढा वेळ मुंबई बघायला बाहेर पडू नका. खोलीचे पैसे भरून दिवसभर राणीची बाग, हाजी अली, मॉल करत फिरायचं आणि रात्री फक्त झोपायला यायचं, यात पैसाही जातो आणि हॉटेलही हाती लागत नाही.

पावसाळाच का

मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. परदेशी पाहुणे, लग्नं, कंपन्यांच्या बैठका सगळं त्याच काळात, आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा तर विचारूच नका. जून ते सप्टेंबर मागणी उतरते, तसे दरही उतरतात. साधारण मेअखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत गेटवेहून अलिबागजवळच्या मांडव्याला जाणाऱ्या बोटी बंद असतात, त्यामुळे समोरचा धक्काही एरवीपेक्षा मोकळा असतो. कर्मचाऱ्यांनाही बोलायला, दाखवायला सवड मिळते. डिसेंबरात हे पैसे देऊनही मिळत नाही.

दुसरं कारण आपल्या बाजूचं आहे. जळगावात वर्षभरात पाऊस पडतो साधारण ७०० मिलिमीटर. कुलाब्याला तेवढा एकट्या जुलैत पडतो. ढगांकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलखातल्या माणसाला असा पाऊस, समुद्रावर, कोरड्या खिडकीतून बघायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. अमळनेर-पारोळ्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ती जास्त समजावून सांगावी लागत नाही.

तारीख ठरवताना कॅलेंडर आणि पंचांग दोन्ही काढा

आधी टाळायच्या तारखा. १५ ऑगस्ट आणि त्याला जोडून येणारे शनिवार-रविवार, गणेशोत्सवाचे दिवस, कुठलीही सलग सुट्टी. या दिवसांत पावसाळा असूनही दर चढतात. शहरातल्या हॉटेलांत बहुतेक वेळा रविवारची रात्र स्वस्त पडते, कारण सुट्टीचे पाहुणे गेलेले असतात आणि कामाचे आलेले नसतात. संकेतस्थळावर आठ-दहा तारखा पुढेमागे करून बघा, फरक लगेच कळेल. आपल्या घरच्या तारखाही आहेतच. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई देवी बसते, तेव्हा घर सोडून कुणी जाणार नाही. शेतकरी घराला पेरण्या उरकल्यानंतरचा किंवा पोळ्यानंतर कापूस वेचणीआधीचा काळ जमतो. नोकरदारांना रविवार रात्र ते सोमवार, एका रजेत भागतं.

आता पंचांग. समुद्राची भरती तिथीवर चालते आणि मुंबईचं गणित सोपं आहे. अमावास्या-पौर्णिमेला मोठी भरती दुपारी बाराच्या सुमारास आणि पुन्हा मध्यरात्री येते. पुढे रोज ती साधारण ५० मिनिटं उशिरा. अष्टमीच्या आसपास भरती लहान असते आणि सकाळ-संध्याकाळी सहाच्या पुढेमागे येते. हॉटेलात खोली मिळते दुपारी दोनला. म्हणून द्वितीया-तृतीयेची तारीख धरा. त्या दिवशी भरती दीड ते अडीचच्या दरम्यान येते, आणि ती मोठ्या भरतींपैकीच असते. तुम्ही खोलीत पाऊल टाकता तेव्हा समोर पाणी पूर्ण भरलेलं असतं. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस आणि वेळा मुंबई महापालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते. त्या यादीशी आपली तारीख ताडून बघा.

एक गोष्ट आधीच माहीत असावी. ताजसमोरचा समुद्र पूर्वेचा आहे, बंदराचा. तिथे सूर्य मावळताना दिसत नाही, उगवताना दिसतो. नैर्ऋत्येचा वारा थेट आदळतो तो मरीन ड्राइव्हवर, इथे लाटा एरवी त्या मानाने बेताच्या असतात. तरी मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात लाटांनी गेटवेजवळची संरक्षक भिंत फोडली होती, म्हणजे या पाण्याला कमी लेखू नये. उधळणाऱ्या लाटाच बघायच्या असतील तर जागा वेगळी निवडावी लागेल, ती शेवटी सांगतो.

खोली : इथे घाई करू नका

ताज म्हणजे एक इमारत नाही. जुनी पॅलेस इमारत १९०३ ची, घुमटाची, गॅलऱ्यांची. शेजारचा उंच टॉवर १९७०च्या दशकातला. टॉवरच्या खोल्या स्वस्त असतात, चांगल्याही असतात, वरच्या मजल्यांवरून समुद्र लांबवर दिसतो. पण ज्यासाठी आपण चाललोय ते पॅलेसमध्ये आहे. पॅलेसमध्येही सगळ्या खोल्या समुद्राकडे नाहीत. काही शहराकडे तोंड करून आहेत, काही आतल्या पोहण्याच्या तलावाकडे. बुकिंग करताना ‘पॅलेस’ आणि ‘समुद्राकडची’ हे दोन्ही शब्द लेखी आले पाहिजेत.

संकेतस्थळावर दर बघा, पण त्यानंतर फोन कराच. मराठीत बोला, मुंबईतलं हॉटेल आहे, अडत नाही. असं बोलता येईल :

“नमस्कार, जळगावहून बोलतोय. माझे आईवडील राहायला येणार आहेत, दोघंही सत्तरीच्या पुढचे. पॅलेसमध्ये समुद्राकडची खोली हवी. खिडकीत बसून समुद्र दिसेल ना, की उभं राहावं लागेल? त्या आठवड्यात दुरुस्तीचं काम कुठल्या मजल्यावर चालू आहे? बाथरूममध्ये टबमध्ये उतरून अंघोळ करावी लागते की वेगळा शॉवर आहे?”

दुरुस्तीचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मोठी हॉटेलं डागडुजी, रंगकाम, लिफ्टची कामं याच काळात काढतात. पाहुणे कमी असतात म्हणून ते बरोबरच आहे, पण आपल्या डोक्यावर ड्रिल नको. कुठलं रेस्टॉरंट बंद आहे, तलाव चालू आहे का, तेही त्याच फोनवर विचारा. गेटवेजवळ रेडिओ क्लबच्या बाजूला नव्या जेट्टीचं काम २०२५ मध्ये सुरू झालं आहे. आपल्या खोलीतून ते दिसतं का, आवाज किती येतो, हेही स्पष्ट विचारून घ्या. आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस असेल तर तसं सांगा. मागायचं काही नाही, फक्त सांगून ठेवायचं.

दर बघताना तीन गोष्टी तपासा. पहिली, नाश्ता धरून आहे की वेगळा. दुसरी, कर. रात्रीचा दर ७,५०० रुपयांच्या वर गेला की १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे खोली २०,००० ची दिसली तर हातातून २३,६०० जातात. तिसरी, रद्द करायची मुभा. पावसाळ्यात दोन-तीन हजार वाचवायला ‘पैसे परत नाहीत’ वाला दर घेऊ नका. कसाऱ्याच्या घाटात दरड आली आणि गाडी रद्द झाली तर सगळंच जातं. यासाठीच बुकिंग थेट हॉटेलकडे केलेलं बरं. मधल्या अ‍ॅपवरून केलं तर ऐनवेळी हॉटेल म्हणतं अ‍ॅपला विचारा आणि अ‍ॅप म्हणतं हॉटेलला विचारा.

एका खोलीत किती जण चालतात तेही पक्कं करा. ‘पोरं खाली गादी टाकून झोपतील’ हा आपला हिशोब तिथे चालत नाही. बुकिंगमध्ये नाव असलेल्यांनाच खोलीत राहता येतं, आणि प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं.

जाणं, आणि सकाळचे ते सहा-सात तास

भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगावकरांना मध्य रेल्वे सोयीची. विदर्भ एक्स्प्रेस, अमरावती एक्स्प्रेस अशा रात्रीच्या गाड्या सकाळी सीएसएमटीला पोचवतात. तिथून हॉटेल टॅक्सीने अडीच-तीन किलोमीटर. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगावची माणसं सुरतमार्गे खान्देश एक्स्प्रेसने येऊ शकतात, पण ती रोज नसते, वार बघून तारीख जुळवा. धुळेकर चाळीसगावमार्गे किंवा सरळ मुंबई-आग्रा महामार्गाने गाडी करून जातात. पावसात कसारा घाट अंधार पडायच्या आत उतरावा.

अडचण अशी की गाडी पोचते सकाळी आणि खोली मिळते दोनला. हे तास नीट बांधले नाहीत तर आईवडील स्टेशनवरच दमून जातात. पावसाळ्यात आदल्या रात्री खोली रिकामी असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून दोन दिवस आधी फोन करून ‘आम्ही सकाळी आठला पोचतो, खोली लवकर मिळेल का’ असं विचारून ठेवा. शब्द देणार नाहीत, नोंद घेतील, आणि पुष्कळदा बारा-एकच्या आत खोली मिळतेही. तोवर सामान त्यांच्याकडे ठेवता येतं. सीएसएमटीच्या प्रतीक्षालयात तोंड-हात धुऊन कपडे बदला, बाहेर गरम नाश्ता करा, मग टॅक्सी करा. पाऊस थांबलेला असेल तर काळा घोड्याजवळच्या वस्तुसंग्रहालयात दोन तास बसूनच जातात, आणि तिथून हॉटेल चालत जाण्याइतकं जवळ आहे.

आत शिरताना

दारात सामान यंत्रातून जातं, आपणही तपासणीतून जातो. २६ नोव्हेंबर २००८ नंतर हे असंच आहे. त्या हल्ल्यात इथे ३१ जणांचा जीव गेला. त्यांच्या नावांचं स्मारक हॉटेलात आहे. टॉवर त्याच वर्षी डिसेंबरात उघडला, जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला. आत गेल्यावर आधी त्या स्मारकापाशी दोन मिनिटं थांबावं, असं मला वाटतं.

रिसेप्शनवर कार्ड मागतात आणि जेवणखाणाच्या अंदाजाने काही रक्कम अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्ड असेल तर ती फक्त अडकते, डेबिट कार्डातून मात्र खरोखर वळती होऊन परत यायला दिवस लागू शकतात. किती रक्कम, ते सही करण्याआधी विचारा. मोठी रक्कम रोख देणार असाल तर पॅन क्रमांक लागतो.

कपड्यांचं दडपण घेऊ नका. बाबा आयुष्यभर धोतर-टोपीत वावरले असतील तर त्यांना पँट-शर्टात कोंबायचं कारण नाही. स्वच्छ धोतर, आईचं लुगडं किंवा काठाची साडी यांनी ती जागा शोभतेच. चामड्याचे बूट मात्र घरी ठेवा, पावसात ते वाया जातात. छत्री हॉटेलकडून मिळते.

खोलीत शिरल्यावर बॅगा उघडण्याआधी पाच मिनिटं द्या. एसी चालू करून आवाज ऐका. खिडकीखालची भिंत आणि गालिचा हाताने चाचपा, ओल लागते का बघा. कपाट उघडून कुबट वास येतो का बघा. समुद्रकाठच्या शंभर वर्षांहून जुन्या इमारतीत जुलैत थोडी दमट हवा असणारच, पण ओलसर गालिचा किंवा गळकी खिडकी चालवून घ्यायची नाही. तेव्हाच खाली फोन करून दुसरी खोली मागा. पावसाळ्यात ती असते, आणि सामान उघडल्यावर मागण्यापेक्षा आधी मागणं दोघांनाही सोपं जातं.

आणखी दोन-तीन घरगुती गोष्टी. अंघोळीला बादली-मग आणि बसायला स्टूल मागा, संकोच नको. संगमरवरी फरशीवर म्हातारं माणूस घसरू नये हे सगळ्यात महत्त्वाचं. सकाळची पूजा खोलीत जरूर करा, पण उदबत्ती-धूप लावू नका, धुराची घंटा वाजते. खोलीतल्या फ्रिजमधल्या बाटल्या-चॉकलेटांना दर आहेत. त्यातलं काय मोफत, हे सामान आणून देणाऱ्यालाच विचारून घ्या.

दिवस कसा घालवायचा

आपल्या घरची जुनी माणसं तासाभराने विचारतील, “आठे बसीसन काय करणं शे?”, म्हणजे इथे बसून काय करायचं? त्याचं उत्तर तयार ठेवा.

पहिला तास खिडकीचा, भरतीचा. समोर गेटवे दिसेल. बाबांना सांगा की हे हॉटेल गेटवेच्या आधीचं आहे. हॉटेल १९०३ मध्ये उघडलं, गेटवे १९२४ मध्ये पुरा झाला. जमशेटजी टाटांनी हॉटेल बांधायला घेतलं तेव्हा समोर ही कमान नव्हतीच. पहिल्या महायुद्धात याच इमारतीत ६०० खाटांचं लष्करी रुग्णालय होतं.

दुपारी चार-पाचला जिना. लिफ्टने वर जा आणि जिन्याने सावकाश खाली या. घुमटाखालचा हा जिना मधल्या मोकळ्या जागेत भिंतींना धरून उतरतो, खाली खांबांचा आधार नाही. कठड्याच्या लोखंडी नक्षीवरून हात फिरवत एकेक मजला उतरताना गॅलऱ्यांमधून उलटसुलट नजर जाते, आणि पावसाळी दिवसाचा करडा उजेड वरून झिरपत असतो. हे बांधकाम मूळ आखलं ते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या मराठी वास्तुतज्ज्ञाने, डी. एन. मिर्झांच्या सोबतीने. काम चालू असतानाच वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पुरं केलं. आपल्या पोरांना हे नाव माहीत असावं. हॉटेलचे लोक मुक्कामी पाहुण्यांना इमारत फिरवून दाखवतात. वेळ रिसेप्शनवर विचारा आणि नाव नोंदवा. भिंतींवर हुसेन, गायतोंडे यांच्यासारख्यांची मूळ चित्रं आहेत. बाहेर संग्रहालयात काचेपलीकडून बघावी लागणारी चित्रं इथे जाता-येता भेटतात.

संध्याकाळचा चहा हॉटेलातल्याच सी लाउंजमध्ये, पहिल्या मजल्यावर. खिडकीजवळचं टेबल सकाळीच सांगून ठेवा. महाग आहे, तरी एका माणसाने पूर्ण चहा-फराळ मागवावा आणि बाकीच्यांनी एखादा पदार्थ घ्यावा, असं केलं तर आवाक्यात बसतं. भेळ-शेवपुरीही मिळते, म्हणजे आईबाबांना अनोळखी वाटायला नको. कल्याण-ठाण्याचे नातेवाईक भेटायला येणारच असतील तर त्यांना इथेच बोलवा, खोलीवर नको.

रात्रीचं जेवण हॉटेलातच हवं असा हट्ट मी धरणार नाही. कुलाब्यात चालत जाण्याच्या अंतरावर साधी, चांगली खाणावळ मिळते. पण पाऊस कोसळत असेल तर खोलीवर डाळ-भात मागवा आणि सोबत घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी काढा. आपल्या जिभेला तिथलं जेवण मिळमिळीत लागतं, हे आधीच धरून चला.

पहाटे मात्र उठा. साडेपाचला खिडकीचा पडदा सारा. ढग फाटले तर सूर्य समोर बंदरापलीकडून वर येतो. नाही फाटले तरी हळूहळू उजळणारं बंदर, नांगरलेल्या बोटी, धक्क्यावरची पहिली माणसं दिसतात. मग नाश्ता घाई न करता, साडेआठच्या आत, कारण नंतर गर्दी होते.

बिल आणि परतीचा प्रवास

बिल आदल्या रात्रीच काढून मागा आणि शांतपणे वाचा. सकाळी टॅक्सी उभी असताना वाचून होत नाही. सर्व्हिस चार्ज लावलेला दिसला तर तो सक्तीचा नाही, काढायला सांगता येतो. त्याऐवजी ज्यांनी आईवडिलांना हात धरून नेलं, बादली-स्टूल आणून दिलं, त्यांना स्वतःच्या हाताने काही द्या.

खोली बाराला सोडायची असते. पावसाळ्यात एक-दोन तास जास्त मिळू शकतात, विचारायला हरकत नाही. परतीची गाडी रात्रीची असेल तर सामान हॉटेलातच ठेवा. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की शीव-कुर्ल्याकडे रुळांवर पाणी चढतं आणि मध्य रेल्वे अडकते. म्हणून स्टेशनला दोन तास आधी पोचा, गाडीची स्थिती फोनवर बघत राहा, आणि दुसऱ्या दिवशी लग्नकार्य, कोर्टाची तारीख असं काही ठेवू नका.

ताज परवडत नसेल किंवा लाटाच हव्या असतील तर

मरीन ड्राइव्हवर १९३०-४०च्या दशकांतल्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती आहेत. हा भाग २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्यातल्या काही इमारतींत जुनी, साधी, समुद्राकडे तोंड असलेली हॉटेलं चालतात. थाट नाही, लिफ्ट जुनी, खोल्या साध्या, पण समोर थेट पश्चिमेचा समुद्र. मोठ्या भरतीला कठड्यावरून रस्त्यावर येणाऱ्या लाटा बाल्कनीतून दिसतात. त्या वेळी खाली कठड्यावर जाऊन उभं राहायचं नाही. दरवर्षी माणसं वाहून जातात, आणि पोलिस अडवतात ते उगाच नाही. ताज राहून गेलं असं वाटलं तर दुसऱ्या दिवशी सी लाउंजमध्ये चहा घ्या, मुक्कामाची अट नाही.

लांब जायची तयारी असेल तर पुरी. तिथे बंगाल नागपूर रेल्वेने १९२५ मध्ये काढलेलं जुनं रेल्वे हॉटेल आजही चालू आहे, रुंद व्हरांड्यांचं. अहमदाबाद-पुरी गाडी नंदुरबार, जळगाव, भुसावळवरूनच जाते, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. फक्त आषाढ शुद्ध द्वितीयेची रथयात्रा आणि त्यानंतरचे दहा-बारा दिवस टाळा, तेव्हा खोली मिळत नाही. श्रावणात जा, आणि जगन्नाथाचं दर्शनही होईल.